लाल पट्ट्याबाहेरचं घर

नकाशा कचेरीत धाकटी बहीण नोकरीला आहे म्हणजे हुकमाचं पान आपल्याच हातात, असं दादा धरून चालला होता. कचेरीने किनाऱ्याच्या धोक्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यात दादाचं घर लाल पट्ट्यात आलं. लाल म्हणजे आज ना उद्या समुद्रात जाणार. मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंत तेव्हा बत्तीस पावलं होती.

दादा बहिणीच्या टेबलाशी येऊन बसला. लाल घराकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, मुलीला बघायला येणारेही आधी नकाशा बघतात, असं बरंच ऐकवून शेवटी म्हणाला, "मॅडम, रेष ती केवढी! जरा सरकवा की."

रेष सरकत होती, पण हरकतीने, साठ दिवसांत, पुराव्यासह. बहिणीने अर्ज स्वतः भरला. कड्याखाली गावकऱ्यांनी रचलेली दगडांची रास तिने 'पक्का बंधारा' म्हणून लिहिली. साहेबांनी न बघता सही ठोकली. लाल पट्टा दादाच्या कुंपणाला शहाण्या माणसासारखा वळसा घालून गेला. शेजारच्या सुताराने आळसापोटी हरकत घेतली नाही, म्हणून दादा त्याला चारचौघांत हसला.

रास पुढच्याच वर्षी लाटांनी नेली. तिसऱ्या वर्षी सरकारने लाल पट्ट्यातल्या घरांना आत, उंचावर नवी घरं दिली. सुतार बिऱ्हाड घेऊन गेला. दादाला पत्रच आलं नाही.

आता तो बहिणीच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहून आला. पावलं अकरा उरली होती.

"मला परत लाल कर," तो म्हणाला.

"नकाशा आता दोन वर्षांनी बदलेल, दादा."

वर्षाला सात पावलं. हिशोब दोघांनाही येत होता.

"तोवर घर राहील?"

"नाही. आणि पडलेलं घर नकाशात धरत नाहीत."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, तरी अर्ज भरून दे. तिने भरला. त्याने सावकाश सही केली, पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

"तुझ्या वहिनीला काय सांगू?"

मागे माणसं खोळंबली होती. तिने पुढचा नंबर पुकारला.