निर्माल्याची बादली

अहिंसा हा माणसाचा मूळ स्वभाव आहे. हे वाक्य प्राध्यापक सुमंत दरवर्षी फळ्यावर लिहीत आणि खाली दोन रेघा मारीत. आत्ता मात्र त्यांच्या हातात खडूच्या जागी फावड्याचा दांडा होता, आणि नजर बुंदीच्या ओठाला चिकटलेल्या गुलाबी पाकळीवर — एवढीशी पाकळी, फेसात भिजलेली, कुत्री थरथरली की तीही थरथरायची.

समोर पाकळी होती, पण सुमंतांना दिसत होते ते शेजारचे मुकुंदराव. परवाच कुंपणावरून म्हणाले होते, "सर, तुमची कुत्री रातभर भुकून राहिली. एखाद्या दिवशी टाकतो बरं मी तिले काहीतरी." हसत म्हणाले होते — विष घालणारे हसतच असणार... बुंदी पुन्हा ओकली. पाय ताठ झाले, नखं फरशीवर खरखरली, आणि त्या आवाजाने सुमंतांच्या कवटीत काहीतरी फुटलं. त्यांनी मुकुंदरावांचे दात पाडले, आधी पुढचे, मग सवडीने मागचे, गुडघे फोडले, तोंड पाण्याच्या टाकीत दाबून धरलं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे सगळं अर्थात मनात. सबंध नोकरीत एवढं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

"अहो, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन लागला —" त्यांची बायको वेदिका आतून ओरडली. पण ते फाटकाबाहेर पडले होते.

मुकुंदराव बनियनवर गाडी पुसत होते. दांडा खांद्यावर बसला. ओली चादर आपटावी तसा आवाज आला, कल्पनेतल्यापेक्षा फारच मामुली. दुसरा फटका कपाळावर. भुवई फाटली, रक्त बनियनवर उतरलं.

"अबे! काहून मारून राहिले गा मले, सर?"

"काय घातलंत तिला? बोला!"

"कोणाले?"

तिसऱ्यासाठी दांडा वर गेला, तेवढ्यात कुंपणापलीकडून वेदिका, कानाला फोन लावून: "अहो, त्या विचारताहेत, कण्हेर आहे का घरी? पान, फांदी... फुलं भिजलेलं पाणीसुद्धा विषारी म्हणे!"

दांडा वरच राहिला. फुलं भिजलेलं पाणी... बादली. श्रावण लागल्यापासून महादेवाला रोज कण्हेर, अंगणातली, आणि उतरलेली फुलं — ही म्हणत होती, कचरागाडीत देऊन टाका, मीच गरजलो, देवाची फुलं कोंबडीच्या हाडांत जाणार? कोणाचा पाय लागू नये म्हणून मीच ती बादलीत भिजत घातली, आंब्याच्या सावलीत, झाकण न ठेवता, कारण निर्माल्याला कोण झाकण ठेवतं... आणि त्याच सावलीत बुंदीची बसायची जागा. लप, लप, लप. तो आवाज त्यांनी सकाळीच ऐकला होता, पेपर वाचताना. पोरगी पाणी पितेय, म्हणून बरंही वाटलं होतं.

सुमंतांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणून मुकुंदरावच चालवत होते, एका हाताने. दुसऱ्या हातात कपाळावर दाबलेलं गाडी पुसायचं फडकं.

"जिती आहे ना?"

"श्वास चालू आहे."

"मंग ठाण्यात मी नंतर जाईन. पहिले हिले पोहोचवू."

मागच्या सीटवर बुंदीचं डोकं सुमंतांच्या मांडीवर होतं. छातीवर तळहात ठेवला तर ठोका यायचा, मग यायचाच नाही, मग घाईने दोन... मधल्या रिकाम्या जागेत राग येऊन बसायचा. राग कणभरही कमी झाला नव्हता. त्याला फक्त जायला पत्ता उरला नव्हता. बादलीवर काढावा? महादेवावर? वेदिकेवर, जी शेजारी बसून बुंदीच्या तोंडचा फेस पुसत होती? या शेजाऱ्यानेच विष घातलं असतं तर किती बरं झालं असतं! समोर मुकुंदरावांची मान दिसत होती, जाड, घामेजलेली, निरपराध — आणि त्या निरपराधपणाचाच त्यांना संताप आला. दांडा घरी राहिला होता, मूठ मात्र अजून त्याच्या आकारात वळलेली.

मनीषनगरातून बाहेर पडता पडता सिग्नल लागला. स्टिअरिंगपुढे छोटा गणपती होता, त्याच्या पायाशी कण्हेरीचं फूल, गुलाबी, आजचंच. मुकुंदरावांच्या अंगणात सगळी फरशी आहे, झाड एकही नाही; कण्हेर आहे ती कुंपणाच्या अलीकडे, सुमंतांकडे. सुमंत त्या फुलाकडे बघत राहिले. तळहाताखालचा ठोका पुन्हा चुकला... आणि तरी त्यांना कितीतरी हलकं वाटलं.

फूल चोरीचं होतं.