अन्नपूर्णाबाईचे न झालेले शूटिंग

मी एक जुना टेपचा व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. चिखलीच्या एका दुकानातून उंद्री गावच्या मोतीरामने मला जुना म्हणून घेतले, तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. उन्हाळ्यात मी लग्ने टिपायचो. पावसाळा लागला की मोतीराम आणि त्याची बायको अन्नपूर्णाबाई तीन एकर बीटी कपाशीत राबायचे आणि मी पेटीत पडून राहायचो.

एकदा ती म्हणाली, "अजी, नवरा-नवरी तं रोज काढता. नवरा-बायको कवा काढसान?"

त्यातून आमची पहिली छोटी फिल्म झाली. दहा मिनिटांची. वीस वर्षांत बायकोला एकदाही नावाने हाक न मारलेल्या नवऱ्याची. आमच्याकडे नवरा बायकोला "अवं" म्हणतो, फार तर "पोराची माय". नवरा झाला मोतीराम, बायको झाली अन्नपूर्णाबाई. मी शेतात स्टँडवर उभा. मोतीरामला एवढेच म्हणायचे होते, "अन्नपूर्णा, पाणी दे." ते त्याच्या तोंडून निघेना. नऊ वेळा टेप मागे घेतली. मग ती कपाशीतून ओरडली, "बियाण्याच्या थैल्यांवरची सारी नावं तोंडपाठ हायेत तुमाले, बायकोचं एक येत नाही!"

दहाव्या वेळी ते निघाले.

शिंपी अब्दुल गनीने दोन चादरी जोडून पडदा शिवला. शाळेच्या भिंतीवर फिल्म लागली, गाव हसले. अब्दुल गनीची बायको खुर्शीदा मोठ्याने म्हणाली, "हमारे घर में भी येच है, भाऊ!" मी फार मिरवलो.

अन्नपूर्णाबाईने लगेच दुसरी फिल्म ठरवली. "आता मी बायको नाही, शेतकरी," ती म्हणाली. "फवारणीचं औषध कोण कालवते, पंप कोण भरून देते, दिसू द्या साऱ्याइले."

हे मोतीरामचा मोठा भाऊ उत्तमराव याला कळले. "काऊन बे मोत्या, घरची बाई गावाले दाखवून पोट भरलं नाही काय? आता आमच्या बाया फवारणीले जातात, हेबी सांगतं का जगाले?"

मोतीराम खाली पाहत राहिला. बायकोला म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू. मला पेटीत ठेवले आणि वर स्वेटर टाकले.

त्याच वर्षी, अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळी आली. दोन-दोन औषधे एकत्र मारली गेली. अन्नपूर्णाबाईने ती बादलीत उघड्या हातांनी कालवली. आठ दिवस ती पंप भरून देत होती. नवव्या दिवशी तिला दिसेनासे झाले. अकराव्या दिवशी ती गेली.

चौकशीला सरकारी कचेरीतले साहेब आले. त्यांनी विचारले, "बाई फवारणीच्या कामात होत्या का?"

मोतीरामने तोंड उघडण्याआधी उत्तमराव बोलला, "छ्या! आमच्या घरच्या बाया औषधाले हात नाही लावत. घरीच राहे ते."

साहेबांनी मोतीरामकडे पाहिले. मोतीराम खाली पाहत राहिला. कागदावर लिहिले गेले, गृहिणी. कारण, आजार.

उत्तमरावचा मला राग आहेच. मोतीरामचा जास्त आहे. उत्तमरावला तिचे काम कधी बघायचेच नव्हते. मोतीराम रोज तिच्या हातून पंप घेत होता.

महिन्याने तो एकटाच कचेरीत गेला आणि सगळे खरे सांगितले. साहेब म्हणाले, "त्या दिवशी का नाही बोललात? आता पुरावा काय? एखादा फोटो, शूटिंग?"

त्याने घरी येऊन मला पेटीतून काढले. माझ्या काचेवर बुरशी आली होती. मी चालू झालो नाही. झालो असतो तरी काय दाखवणार होतो? जे टिपलेच नाही ते माझ्यात कुठून येणार?

मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरी मोबाइल आहेत. वाढदिवसाला तुम्ही आईला केकजवळ उभे करता आणि ती कामात दिसली की "आई, बाजूला हो" म्हणता. तसे करू नका. ती औषध कालवत असेल तर आधी तिचे हात धुवा, तिला हातमोजे आणून द्या. मग विचारा, तुला कोण म्हणून दाखवू? ती सांगेल ते टिपा. आणि घरातला मोठा माणूस "आमच्या बाया असं करत नाहीत" म्हणाला, तर त्याच्या तोंडावर सांगा, करतात. तिथेच सांगा. नंतर सांगितलेले कोणी लिहून घेत नाही.