जस्टिस बोकारींची हरकत

आमच्या शेजारचे जस्टिस बोकारी माणूस म्हणून सोन्यासारखे आणि अशील म्हणून डोक्याला ताप. पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या देशात ते आधी कायदामंत्री होते, मग न्यायाधीश झाले. लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा त्यांनी ती बेकायदा ठरवली आणि जीव मुठीत धरून इथे अमेरिकेत, कॅरीला मुलीकडे आले. परत पाठवलं तर विमानतळावरूनच तुरुंगात, आणि तिथून या वयाचा माणूस बाहेर येत नाही. त्यांची आश्रयाची केस माझी मुलगी निधी लढवत होती.

महिनाभर तिने माझ्याच डायनिंग टेबलवर त्यांची तयारी करून घेतली. "सर, विचारतील तेवढंच सांगा. आणि भीती वाटते, हे क्लिअरली म्हणा."

ते चहा ढवळत म्हणायचे, "भीती वाटते असं न्यायाधीश म्हणत नाही."

"पण आता तुम्ही खाली उभे राहणार आहात ना," मी वैतागून म्हटलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

सुनावणी शार्लटला होती. त्यांच्या मुलीला ते ऐकवणार नव्हतं, म्हणून मी गेले. निधीने पहिलाच प्रश्न विचारला, सरकारी वकिलाने हरकत घेतली, आणि जजबाई तोंड उघडायच्या आत बोकारी म्हणाले, "हरकत मान्य." जन्माची सवय. सगळे हसले.

मग सरकारी वकिलाने विचारलं, मंत्री असताना विनाचौकशी अटकेचा कायदा तुम्हीच आणला ना? ज्याने दुसऱ्यांचा छळ केला त्याला इथे आश्रय मिळत नाही, हे निधीने मला सांगून ठेवलं होतं. उत्तरही तिने घोटून घेतलं होतं: मी आणला आणि न्यायाधीश झाल्यावर मीच रद्द केला. दोन्ही खरं होतं. बोकारी तसंच म्हणाले. तिथे थांबायचं होतं.

पण एकच बाजू ऐकून उठायची त्यांना सवयच नव्हती. "दुसरी बाजू राहिली," ते जजबाईंना म्हणाले. "रद्द होण्याआधी त्या कायद्याखाली एक शिक्षक कोठडीत मेला. अटकेच्या हुकमावर सही माझी होती. तो इथे येऊ शकत नाही, म्हणून मी सांगतो."

निधीने डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो गप्प बसा, कुणी विचारलंय तुम्हाला? जजबाईंनी निकाल तिथेच दिला. आश्रय नाकारला.

पार्किंग लॉटमध्ये निधी रडत म्हणाली, "आई, अपील फाइल करीन मी, पण ते आता रेकॉर्डवर गेलं गं."

"निकाल बरोबर आहे," बोकारी म्हणाले. "मीही हाच दिला असता."

इतका संताप आला मला. "मुलीचा तरी विचार करायचात," मी म्हटलं आणि गाडीचं दार आपटलं.

ते मागे बसले. सीट बेल्ट लावायला गेले, पण तो काही लागेना. मी वाकून लावून दिला, तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"रेखा," ते म्हणाले, "मला फार भीती वाटते."