हातांवर मारा

फुगास या गोड पावावरची साखर अंगठ्याला चिकटली होती, आणि ती चाटावी की पुसावी एवढ्याच विचारात असल्याचं सोंग ओक्ताव करत होता, कारण टीव्हीवर आता तो स्वतः येणार होता... रविवारची दुपार, एग-मोर्त या फ्रेंच गावातलं घर न् घर ही मालिका बघत असणार – शंभर वर्षांपूर्वी इथल्याच मिठागरांवर जमावाने इटालियन मजुरांना ठेचून मारलं, त्याची. पडद्यावरच्या जमावाच्या कामाला गावचेच लोक घेतले होते, त्यात तोही.

"आले, आले आमचे नायक! बघ गं, तुझे सासरे!" त्याची बायको मिरेय टाळ्या पिटत म्हणाली.

सून ओर्नेला बाळाला घेऊन पुढे सरकली. ती कुनेओची, इटलीतली, बाप गवंडी. लग्नात त्या माणसाने आपल्या खरखरीत हातांत ओक्तावचा हात धरला होता – पोर आता तुमची.

पडद्यावर ओक्तावचं तोंड उघडलं: "हातांवर मारा रे! हात मोडले की कामं आपलीच!"

दिग्दर्शक म्हणाला होता, तोंडाला येईल ते ओरडा. बाकीचे 'चालते व्हा' असं काहीतरी पुटपुटले. याच्या तोंडाला आलं ते हे – आजोबांचं, त्या खऱ्या जमावात ओरडलेलं, जेवताना हसत हसत सांगितलेलं. आजी म्हणायची, पुरे, पोरं ऐकताहेत, आणि स्वतःच हसायची... अन् मी? मी म्हणायचो, आजोबा, आणखी सांगा ना. मेल्या, सत्तरी गाठलीस, आणि शूटिंगला दांडकं उगारताना तुला चक्क मजा आली!

"पापा," ओर्नेला म्हणाली, "हे वाक्य कुणी लिहिलं हो?"

सगळे आपल्याकडेच बघताहेत – छे, कुणीच बघत नव्हतं. सांगून टाकावं, आत्ताच...

"लेखकाने," तो म्हणाला. "आपण काय, सांगतील ते बोलायचं."

"काय काळ्या मनाचा माणूस असेल मेला!" तिने बाळ त्याच्या हातांत दिलं. "धरा जरा. कॉफी टाकते."

सुटलो, असं वाटलं त्याला – अगदी छातीतून वाटलं. आणि आयुष्यात कशाची वाटली नव्हती एवढी लाज त्या वाटण्याची वाटली. आत कप वाजत होते. ती आली की सांगायचं, त्याने ठरवलं... आणि ठरवता ठरवताच, तिने जरा उशिरा यावं, असंही.