चाळिसांतला दुसरा

भिंगरीच्या आईचं डोकं फिरायला तीन शब्द पुरायचे: त्यात काय एवढं.

मुलीला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा खरं तर तिला सुटल्यासारखं झालं होतं. चौथीतली ही पोर उद्धट नाही, आळशी नाही. तिचं लक्ष एका जागी ठरत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत आणि त्याला कारण आहे. भिंगरी हे नाव तिला लाडाने पडलं होतं, पण शाळेत ते कुणी लाडाने घेत नसे. गणित अर्ध्यात सोडून ती खिडकीशी जायची, उत्तर येत असो वा नसो, हात वर न करताच ओरडून मोकळी व्हायची. डबा शाळेत राही, दप्तर रिक्षात राही, आणि एकदा तर एक बूट कुठे राहिला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी सांगितल्यावर नणंद फोनवर म्हणाली, "त्यात काय एवढं, वहिनी? हल्ली सगळ्याच पोरांना असतं ते."

सासूबाईंनी आपल्या मुलाकडे, भिंगरीच्या बाबांकडे, बोट दाखवलं. "याला मी खुर्चीला बांधून जेवू घालायची. झालाच ना मोठा?"

मोठा झालेला तो लिफ्ट दुरुस्त करायला निघाला होता आणि मोबाईल हातात धरून मोबाईलच शोधत होता. त्याने मान हलवली आणि विषय संपला.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची. तिथे कुणी म्हणत नव्हतं, की हल्ली सगळ्यांनाच नंबर असतो, मग चष्मा कशाला.

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना सरळच विचारलं, "नेमकं किती मुलांना असतं हे?"

"शंभरात पाच-सहा धरा," डॉक्टर म्हणाले. "चाळिसांच्या वर्गात दोन तरी निघावीत. कितीदा तर कुणाच्या ध्यानातही येत नाही."

"मग आमच्या वर्गातलं दुसरं कोण?"

डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही. दुसरं मूल असेल तर त्याला आई असेल, आणि ती आई संध्याकाळी पाच ओळींच्या गृहपाठासाठी घसा फोडत असेल. त्या बाईशी दोन शब्द बोलायला मिळाले तरी पुष्कळ, एवढंच तिच्या मनात होतं.

पालकसभेत बाईंनी सहलीचं सांगून झाल्यावर विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" भिंगरीची आई उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा, सगळं. शेवटी म्हणाली, "आपल्या वर्गात अजून कुणाला असेल तर मला भेटा. एकमेकांना मदत होईल."

मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, "आमच्याकडे पण आहे हो. अभ्यास सोडून सगळीकडे लक्ष असतं." वर्ग खदखदा हसला. एका वडिलांनी मोबाईल काढून घ्यायचा सल्ला दिला. दुसऱ्याने मैदानावर चार फेऱ्या मारायला लावा म्हणून सांगितलं. बघता बघता प्रत्येकाच्या घरी एक रोगी आणि एक डॉक्टर निघाला. ती खाली बसली. कान तापले होते.

फाटकापाशी मागून कुणीतरी हाक मारली. एक आजोबा होते, नातवाच्या सभेला आलेले. इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "आमचापण तसाच आहे. पहिल्या बाकावरचा. गोळी चालू आहे."

"मग आत का नाही बोललात?"

"सूनबाई म्हणते, बाहेर कळलं तर पोराला वेडा म्हणतील. तुम्हीपण कुणाला सांगू नका हं."

तिला त्यांचे पाय धरावेत की त्यांना गदागदा हलवावं, तेच कळेना. वर्षभर एकाच वर्गात दोन पोरं तेच सोसत होती आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण उद्या मी बाईंना भेटणार आहे. तुम्ही नुसते उभे राहायला या."

आजोबा आले. तिने बाईंना साध्या गोष्टी मागितल्या: खिडकीपासून लांबची जागा, मोठा अभ्यास तुकड्यांनी द्यायचा, मधेच उठावंसं वाटलं तर वह्या वाटायचं काम. बाईंनी कपाळ चोळलं. एकट्या बाई, चाळीस पोरं. त्यांचंही चुकत नव्हतं.

"अहो, उद्या सगळेच असं मागायला आले तर मी शिकवू कधी?"

आईचा धीर सुटला. ती काही वेडंवाकडं बोलणार, एवढ्यात आजोबा म्हणाले, "सगळे नाहीत, बाई. दोघं आहेत. दुसरा माझा नातू."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तो? तो तर गप्प बसतो."

"गप्प बसतो, पण वर्गात नसतो."

सोमवारपासून जागा बदलल्या. वह्या दोघं मिळून वाटू लागले. त्यातल्या काही भलत्यांकडेच गेल्या, पण भिंगरी पहिल्यांदाच एक गणित शेवटपर्यंत सोडवून आली. उत्तर चुकलं होतं. आईने ते दोनदा पाहिलं आणि वही तशीच दप्तरात ठेवली.

आजोबांच्या सुनेला अर्थातच कळलं. तिने अबोला धरला, आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून आजोबा रोज संध्याकाळी भिंगरीच्या आईला फोन करू लागले. नेमके पोर अभ्यासाला बसायच्या वेळेला. नातू काय म्हणाला, सून काय म्हणाली नाही, सगळं सविस्तर. बाईमाणूस हवं होतं तिला, आणि पदरात हे आजोबा पडले होते.

"आज तिने चहा दिला," एका संध्याकाळी ते म्हणाले. "आणि विचारलं, त्या भिंगरीच्या आई कोणत्या डॉक्टरांकडे जातात म्हणून."

"मग नंबर द्या ना तिला माझा," आई म्हणाली. समोर भिंगरी खुर्चीवर उलटी बसून पेन्सिल चावत होती. "आणि आजोबा, आता ठेवू का? हिची दुसरी ओळ अजून व्हायचीये."