शिंगावरची चांदी

नवा जिल्हा झाला आन् पाऊस गेला. लातूरला नवा कलेक्टर बसला त्याचे पेढे देवणीपर्यंत वाटले, पर प्यायला पाणी कुणी वाटलं न्हाई. गावातली जनावरं सरकारी चारा छावणीत गेली आन् माळ मोकळा पडला.

त्या माळावर हूम होता. लातूरचे शिकलेले लोक त्याला माळढोक म्हणत्यात. माणसाच्या कमरेइतका उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. ह्यो पक्षी गावातल्या सिंधुनं बघितला होता, आन् त्यापायीच तिची शाळा सुटली. सातवीत गुरुजी म्हणाले, हूम आपल्या भागातून कवाच संपला. ही उठून म्हणाली, "मी काल बघितलाय की." गुरुजींनी थापाडी म्हणून अंगठे धरायला लावले. हिनं पाटी भिरकावली आन् घर गाठलं. ते परत शाळेचं तोंड बघितलं न्हाई. आता पंधराची झाली, तरी गावातली पोरं तिला 'हूमबाई' म्हणूनच चिडवायची. ती दगड हाणायची, आन् तिचा नेम चुकत नसायचा.

वीरण्णा लातूरचा फोटोवाला. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा आन् पाखरांचे काढून रिकामा व्हायचा. सरकारनं दुष्काळी काम म्हणून त्या माळावर झाडांसाठी खड्डे खोदायचं ठरवलं, तसा त्यो नव्या कचेरीत जाऊन भांडला. तिथला साहेब म्हणाला, "पक्षी आहे म्हणता ना? मग फोटो आणा. फोटो असला तर खड्डे दुसरीकडं नेऊ." काम पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

सिंधुनं त्याला हूमची जागा दावली, आन् नऊ दिवस दोघं पोत्याखाली पालथी पडून राहिली. हूम दोनदा दिसला. सिंधुला चोचीतला टोळसुदिक दिसायचा, अण्णाच्या कॅमेऱ्यात मात्र वाटाण्याएवढा डाग. जरा सरकलं की गडी उडालाच.

"अण्णा, ह्यो माणसाला भितो," सिंधु म्हणाली. "बैलाला न्हाई भीत. आमच्या वानऱ्याच्या पायातले किडे येचत होता ह्यो, मी बघितलंय. बैलाच्या आडून गेलं तर?"

"मग आण की बैल."

"छावणीत हाय. बाहेर काढला तर यादीतनं दादाचं नाव काढत्यात, मग चारा बंद."

"म्हणजे झालं आपलं."

"झालं कामून? पोळ्याला एक रात घरी सोडत्यात. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत परत बांधायचा."

पोळ्याला वानऱ्या घरी आला. देवणी बैल, अंग पांढरं, तोंड काळं, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सिंधुचा बाप शेषेराव, ती त्याला दादा म्हणायची, त्यानं घरातलं उरलेलं पाणी बैलाला घातलं आन् आपण कोरडाच बसला. शिंगाला लावायला बेगड न्हाई. मग त्यानं एसटी स्टँडवरून सिग्रेटीची रिकामी पाकिटं येचून आणली, आतली चांदी काढली आन् कणकेच्या खळीनं शिंगावर बसवली. एकेक तुकडा अंगठ्यानं दाबत होता.

सकाळी सिंधुनं कासरा धरला.

"सणाच्या दुसऱ्या दिवशी कामाला जुपतीस व्हय गं?"

"काम कसलं दादा? फोटू काढायला न्यायलाव त्याचा."

"मग झूल राहू दे की अंगावर."

तिनं ऐकलं न्हाई. झूल काढली, घुंगुरमाळ काढली, गळ्यातल्या कवड्या काढल्या. आवाज नको, रंग नको. हात शिंगापाशी गेला आन् थांबला. शिंगावरचं सणाचं हातानं काढायचं नसतं, ते आपोआप झडू द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्यात बाप दारातच बसलेला. तिनं हात मागं घेतला.

हूम जागेवर होता. ऊन नुकतंच वर आलेलं. सिंधु बैलाच्या मानेआड, वीरण्णा पोटाआड वाकून. वानऱ्या दोन पावलं चालायचा, वाळक्या काडीला तोंड लावायचा, परत दोन पावलं. दोनशे पावलांवरून शंभरावर आले, शंभरावरून साठावर. हूमनं मान वर केली, बैल बघितला आन् परत खाली घातली.

"आजून वीस पावलं," वीरण्णा पुटपुटला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात माशी वानऱ्याच्या नाकावर बसली. त्यानं मुंडी झटकली. शिंगावरच्या चांदीवर ऊन पडलं आन् आरशासारखा कवडसा माळावरून पळत गेला, थेट हूमच्या अंगावरून. त्यानं चार ढांगा टाकल्या, पंख उघडले. कॅमेरा वाजला, खटक, खटक. वीरण्णा उठून उभा राहिला तवर पक्षी कर्नाटकाच्या बाजूला टिपका झाला होता.

"मुडद्या!" सिंधुनं वानऱ्याच्या मानेवर बुक्की हाणली. दुसरी उगारली, आन् तिला शिंग दिसलं. अर्ध्या कोसावरचा ससा वळखणारी पोरगी, नाकाम्होरचं तिला दिसलं न्हाई.

"त्याला कामून मारतीस," वीरण्णा म्हणाला. दहाच्या आत बैल छावणीत बांधला.

दुसऱ्या दिवशी कुदळी पडल्या. आठ दिवसांनी वीरण्णा फोटो घेऊन आला. फोटोत एक शिंग होतं, त्याच्यावर पांढरा जाळ, आन् कोपऱ्यात धुरकट कायतरी.

"साहेब काय म्हणला?"

"म्हणला, ही घार आहे. बैल मात्र छान आलाय म्हणला."

"अण्णा, परत बसू की आपण. पोतं हाय."

वीरण्णानं माळाकडं बघितलं. खड्ड्यांच्या ओळी पार टेकापर्यंत गेल्या होत्या, बाया टोपल्या उचलत होत्या. "कुणासाठी बसायचं, सिंधु?" त्यो म्हणाला आन् एसटीकडं चालू लागला.

सिंधु छावणीत गेली. वानऱ्या दावणीला उभाच होता, म्होरं उसाचं वाळकं वाढं. ती त्याच्या मानेला टेकली आन् नखानं शिंगावरची चांदी खरवडायला लागली. खळ पक्की बसली होती.

"राहू दे की गं," दावणीपाशी बसलेला शेषेराव म्हणाला. "आपोआप झडंल. चांगली दिसायलीय."

ती खरवडतच राहिली.