आजोबांचं स्विस घड्याळ, मूळ डायलसह

हितेंद्र सहसा खोटं बोलत नाही. एकदाच बोलला, ते थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेलं.

हितेंद्र परब माझा मावसभाऊ, राहणार लालबाग. त्याचं ऑफिसातल्या रुचा कर्णिकशी जमलं होतं, राहणार शिवाजी पार्क. तिच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा तिचे वडील, रघुवीरकाका, यांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, मासे खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी त्याच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, घड्याळ वापरत नाही का. काका विम्याचे सर्व्हेअर होते. पस्तीस वर्षं जळालेली गोदामं बघून त्यातलं खरं किती जळालं ते सांगायचे. आता निवृत्त. घरात काचेच्या कपाटात जुनी घड्याळं अठरा, अठराही चालू, आणि अठरांचं वेळेबाबत एकमत. अशा कपाटासमोर बसून 'मोबाइलमध्ये बघतो' म्हणायची हिंमत हितेंद्रला झाली नाही. तो म्हणाला, आजोबांचं स्विस घड्याळ आहे, पण जपून ठेवलंय.

"कोणतं?" काकांनी विचारलं.

हितेंद्रने कपाटातल्या एका घड्याळाकडे बोट दाखवलं. "असंच."

बोट चुकीच्या ठिकाणी गेलं. त्या मॉडेलवर काकांचा जीव होता, आणि त्यांच्याकडच्या नगाची डायल कोणीतरी रंगवलेली होती, हे त्यांचं खासगी दुःख होतं. हितेंद्रकडची डायल मूळ आहे का, त्यांनी विचारलं. हितेंद्र म्हणाला, आजोबांनी रंगकाम कधी केलं नाही. काकांना हे उत्तर फार आवडलं. लग्नाचं बोलायला ते स्वतः लालबागला येणार, आधी घड्याळ बघणार, मग मुलाचं ठरवणार असं निघालं. रुचा खाली सोडायला आली तेव्हा म्हणाली की बाबा होच म्हणतील, फक्त ते घड्याळ नीट दाखव. तिलाही त्याने खरं सांगितलं नाही.

थोडक्यात, तीन आठवड्यांत आजोबांचं घड्याळ विकत आणायचं होतं.

मी या विषयावरचे चौदा व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे घरातला तज्ज्ञ मी. पहिलं घड्याळ आम्ही प्रभादेवीला राहुल नावाच्या माणसाकडे बघितलं. त्याने ते इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की त्यात माझे दात दिसत होते. आम्ही दोघं हिरमुसलो. मी विचारलं, एकही ओरखडा नाही का. राहुल अभिमानाने म्हणाला, एकही नाही. मी विचारलं, दोनचार पाडून मिळतील का. त्याने डबी मिटली आणि आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला, प्रेमाने नव्हे.

दुसरं चिंचपोकळीला मिळालं. हे मात्र आजोबांसारख्या गिरणी कामगाराच्या मनगटावर शोभेल असं होतं. काचेवर चरे, पट्टा लुळा, पोलादी अंगावर पोचा. मी तिथल्या तिथे पास केलं. हितेंद्र म्हणाला, तरी एकदा जाणत्याला दाखवू. मी अपमान गिळला.

जाणता म्हणजे बुधाजी, गिरगावात जिन्याखाली तीन फुटांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि भिंग काढलं. आजोबांच्या चावीच्या घड्याळात सेल होता. तसा तो घरातल्या भिंतीवरच्या घड्याळातही होता, त्यामुळे मला खटकलं नसतं.

बुधाजींनी विचारलं, कोणासाठी हवंय.

"आजोबांसाठी," हितेंद्र म्हणाला.

"वय काय त्यांचं?"

"वारले."

"मग घाई कसली?" बुधाजी म्हणाले.

आम्ही सगळं सांगितलं. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. ते म्हणाले, घड्याळ खरं का, हे मी सांगेन. कोणाचं, ते तुमचं तुम्ही बघा. मग अर्धा तास शिकवलं. पॉलिश केलेलं घेऊ नका, घासलं की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, गेलेलं पोलाद परत येत नाही. म्हणजे राहुलचं घड्याळ नाकारलं ते बरोबरच होतं, फक्त आमचं कारण चुकलं होतं. डायलवरची अक्षरं भिंगातून बघा, रंगवलेली असतील तर थरथरतात. चेन आडवी धरा, जास्त लोंबली तर कड्या झिजल्यात. काटा अडखळत पळाला तर सेल, सरपटला तर मशीन. मी हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं आणि म्हणालो, मला माहीतच होतं.

शेवटी त्यांनी स्वतःच्या खणातून एक काढलं. एका बाईंनी नवऱ्याच्या पश्चात विकायला ठेवलं होतं. तेच मॉडेल. डायल मूळ, पॉलिश नाही, चावी तेवढी बदललेली. मशीन पंच्याऐंशीचं, बुधाजी म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. आम्हा दोघांचाही जन्म शहाण्णवचा. त्याआधीचं सगळं एकाच सुमारास घडलं अशी आमची समजूत होती: गिरण्या, आजोबा, कृष्णधवल टीव्ही. पंच्याऐंशी म्हणजे जुनं, आजोबा म्हणजे जुने, विषय संपला. हितेंद्रने बाईक विकली आणि घड्याळ घरी आलं.

रविवारी दहाच्या ठोक्याला काका आणि रुचा आले. घड्याळ भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोखाली पाटावर ठेवायचं, ही कल्पना माझी. फोटोला ताजा हार होता. आजोबांचा चेहरा नीट दिसावा म्हणून तो मीच बाजूला सारला.

काकांनी हितेंद्रकडे पाहिलं नाही. पाटासमोर बसले, खिशातून पांढरा रुमाल काढून अंथरला, त्यावर घड्याळ ठेवलं, भिंग लावलं. चाळीस मिनिटं. हितेंद्रच्या आईने, म्हणजे नलूमावशीने, दिलेले पोहे गार झाले. मधूनमधून ते एका छोट्या वहीत पेन्सिलीने लिहीत होते. बघितलेलं प्रत्येक घड्याळ या वहीत जातं, रुचा हळूच म्हणाली.

"पॉलिश नाही," काका म्हणाले. "डायल मूळ. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा रंग सारखाच पिवळा पडलाय. बरोबरीने म्हातारे झालेत. चावी बदललीय, पण चावीचं काय एवढं."

रुचाने हितेंद्रकडे असं पाहिलं की जणू ही डायल त्याने स्वतः सांभाळली होती. मग काकांनी मागचं झाकण उघडलं, मशीनवरचा नंबर वाचला, मोबाइलवरच्या तक्त्यात शोधला आणि वहीत लिहिलं, १९८५. वही ठेवली, उठले, आणि असं घड्याळ जपणाऱ्या माणसाला नमस्कार करावा म्हणून फोटोसमोर हात जोडले. सर्व्हेअर माणूस. समोर लिहिलेलं असलं की वाचणारच.

कै. दगडू धाकू परब. मृत्यू १४ नोव्हेंबर १९७९.

"हे एकोणऐंशीला गेले," काका म्हणाले.

मग स्वयंपाकघराच्या दारातून नलूमावशी म्हणाली, "फोटोवाल्यान चुकीचा लिवल्यान हा. मामंजी सत्त्याऐंशीक गेले."

तिने सासऱ्यांना उभ्या उभ्या आठ वर्षं दिली. ती वर्षं ते हयात असताना कोणी दिली नसती. मी म्हटलं, हो, शहाऐंशी-सत्त्याऐंशी. काकांनी शांतपणे विचारलं, मग एकोणऐंशी ते सत्त्याऐंशी ते काय करत होते. मावशी म्हणाली, गिरणीत. काका म्हणाले, ब्याऐंशीला संप झाला. मावशी म्हणाली, मग संपात होते. म्हणजे वारल्यावर तीन वर्षांनी आजोबा संपावर गेले.

"आणि संपात असताना स्विस घड्याळ घेतलं?"

मावशी पदराने दाराची कडी पुसायला लागली. माझ्याकडे उत्तर होतं, पण हितेंद्रने माझ्या पायावर पाय दिला.

"काका, आजोबांकडे घड्याळ नव्हतं," तो म्हणाला. बोलत काकांशी होता, बघत रुचाकडे. "त्यांना कधी लागलंच नाही. गिरणीचा भोंगा होता. हे मी मागच्या बुधवारी गिरगावातून आणलं."

रुचा खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर समोरच्या चाळीची भिंत होती, ती तिने बराच वेळ पाहिली.

काकांनी झाकण बसवलं. घड्याळ पुसलं. मग त्या दिवशी पहिल्यांदाच हितेंद्रकडे वळले, भिंग अजून डोळ्यालाच होतं, आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"आणखी काय काय मूळचं नाही, ते आत्ताच सांग. विकणाऱ्याने आधी सांगितलं तर तो डाग. नंतर कळलं तर ती फसवणूक."

हितेंद्र सांगायला लागला. काकांना दिलेल्या बायोडेटात उंची पाच-आठ आहे, ती पाच-साडेसहा. वाचनाची आवड नाही. ट्रेकिंग एकदा, अर्ध्यातून परत. सोमवार पाळतो असं लिहिलंय, सोमवारी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये अंडाभुर्जी खातो. हे मावशीला नवीन होतं. ती दारातच खाली बसली. समोरचा एक दात नकली, क्रिकेटमध्ये गेला. पगार खरा. रुचाबद्दल जे बोलला ते खरं.

"तो झोपेत बडबडता," मावशीने भर घातली.

काकांनी तेही लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण. मी म्हणालो, तज्ज्ञ. त्यांनी मान हलवली आणि मला डागांच्या यादीत घेतलं.

"मला चालेल," काका शेवटी म्हणाले. "पस्तीस वर्षांत इतकी पूर्ण यादी कोणी दिली नाही. पण घ्यायचंय हिला." आणि वही रुचाच्या हातात दिली.

रुचाने यादी वाचली. पुन्हा वाचली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं," ती म्हणाली.

तिने पेन्सिल घेऊन खाली एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते दाखवलं नाही, विचारायची कोणाची छाती झाली नाही. नलूमावशी उठली, आत गेली, आणि काय ठरलं ते कळायची वाट न बघता वाटीत साखर घेऊन आली. वाटी रुचासमोर धरून उभी राहिली.

रुचाने चिमूटभर साखर तोंडात टाकली.

"वही माझ्याकडे राहील," ती म्हणाली, आणि पर्सची चेन लावली.